जमिनीचा भाव आणि जमिनीचा कस



मृगाचा पहिला पाऊस पडला की मातीला जो वास येतो, तो आवडत नाही असा माणूस आपल्या मराठवाड्यात तरी सापडावयाचा नाही. या वासामागे मातीत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचा मोठा हात असतो. उन्हाळाभर हे जीव निपचित पडून असतात. पाण्याचा थेंब मिळाला की ते जागे होतात, मातीतल्या कुजलेल्या काडीकचऱ्यावर तुटून पडतात आणि आपल्यासारखाच श्वास सोडतात. त्या श्वासातून कर्बवायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, बाहेर पडतो. कोरडी माती भिजली की हा वायू एकदम उसळून येतो, हे बर्च नावाच्या संशोधकाने पूर्व आफ्रिकेतील मातीवर प्रयोग करून 1958 साली मांडले. तेव्हापासून या उसळीला त्याचेच नाव पडले आहे. ज्या प्रदेशात आठ महिने कोरडे जातात आणि मग पाऊस खंड पाडीत पाडीत येतो, तेथे ही उसळी वर्षातून अनेकदा येते. आपण ज्या वासाने सुखावतो, त्याच वेळी जमीन आपल्या शिलकेतून थोडे खर्च करीत असते.

खर्चाबरोबर जमा होत असेल तर चिंतेचे कारण नाही. गवताच्या मुळ्या, पाने, जनावरांचे शेण यांतून कर्ब मातीत परत येतो. मग प्रश्न कोठे येतो? जमिनीचा वापर बदलला म्हणजे येतो. तो कसा, हे मी तुम्हांला मुकुंदवाडीच्या एका बांधावरून सांगणार आहे.

मुकुंदवाडी आज छत्रपती संभाजीनगर शहराच्या पोटात आहे. जालना रस्त्यावरून विमानतळाकडे जाताना ती कधी लागली आणि कधी मागे पडली, हे कळतही नाही. पण एके काळी हे शेतीचे गाव होते. शेजारी चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आली, सिडकोची घरे आली, 1982 साली महानगरपालिका झाली आणि शिवाराचे प्लॉट पडत गेले. मी महाविद्यालयात भूगोल शिकवितो आणि राहतोही याच भागात. दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना माती दाखवावी म्हणून रेल्वे स्टेशनच्या पलीकडे घेऊन गेलो. तेथे दोन-अडीच एकरांचा एक तुकडा अजून शेत म्हणून उरला होता. मालक सत्तरी ओलांडलेले. आम्ही त्यांना आबा म्हणू लागलो.

मी मुलांना म्हटले, एक ढेकूळ शेतातून घ्या, एक बांधावरून घ्या. दोन्ही चांगली वाळवा, चहाच्या गाळणीत ठेवा आणि पेल्यातल्या पाण्यात अलगद बुडवा. शेतातले ढेकूळ बघता बघता विरघळले, पाणी गढूळ झाले. बांधावरचे बराच वेळ आकार धरून राहिले. माती एकच, पाऊसही एकच. फरक एवढाच की बांधाला कधी नांगर लागला नव्हता. तेथे गवत उगवत होते, वाळत होते आणि मुळे जागच्या जागी कुजत होती. या कुजण्यातून तयार होणारे द्रव्य मातीचे कण एकमेकांना चिकटवून ठेवते. हा प्रयोग तुम्ही घरी करून पाहावा. खर्च काही नाही, फक्त गाळणी नंतर नीट धुवावी लागते, नाहीतर घरात ऐकून घ्यावे लागते.

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. आपली जमीन काळी, म्हणजे तिच्यात खत भरपूर, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. काळा रंग बेसाल्ट खडकातून आलेल्या खनिजांचा आणि चिकणमातीशी बांधल्या गेलेल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्याचा असतो. थोडेसे सेंद्रिय द्रव्यही या मातीला गडद रंग देते. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्यांच्या खाली असला तर तो कमी समजतात, 0.75 च्या वर असला तर भरपूर. आमच्याकडच्या कोरडवाहू शेतांचा आकडा पुष्कळदा त्या खालच्या रेघेच्याही खालीच असतो.

अर्ध्या टक्क्याने काय होते, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. एक एकर जमिनीची वरची सहा इंच माती धरली तर तिचे वजन सुमारे नऊ लाख किलो भरते. तिच्यातील कर्ब 0.5 वरून 0.4 टक्क्यांवर आला, तर नऊशे किलो कर्ब गेला. तो हवेतील प्राणवायूशी मिळून तेहतीसशे किलो कर्बवायू होतो. चौदाशे लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण इतकाच निघतो. एका एकराच्या सहा इंचांतून, एका दशांश टक्क्यापायी! पृथ्वीच्या जमिनीपैकी सुमारे 40 टक्के भाग असा कोरडा किंवा निमकोरडा आहे. दर एकरी कर्ब थोडा असला तरी एकर किती, ते पाहावे लागते. आणि सबंध जगाच्या मातीत, वरच्या एका मीटरमध्ये, हवेत आहे त्याहून अधिक कर्ब साठलेला आहे.

आता वापर बदलतो म्हणजे काय होते? पहिला बदल जुना आहे. कुरणे आणि गायराने नांगराखाली आली. नांगर माती फोडतो, कणांच्या आत दडलेले द्रव्य उघडे पडते, ऊन आणि हवा लागते, सूक्ष्म जीवांना मेजवानी मिळते. उलट गवताची बारमाही मुळे जाऊन चार महिन्यांचे पीक येते. गुओ आणि गिफर्ड या दोघांनी 2002 साली जगभरची मोजमापे एकत्र केली. चराऊ रान शेतीखाली आले की मातीतील कर्ब सरासरी 59 टक्क्यांनी घटतो, आणि शेत पुन्हा चराऊ रान केले तर 19 टक्क्यांनी वाढतो, असे त्यांना आढळले. जाताना धावत जातो, येताना लंगडत येतो. ती मोजमापे बहुतेक अधिक पावसाच्या प्रदेशांतील होती हे खरे, तेव्हा आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. पण कोरड्या मुलखात तो धावत परत येईल असे मानण्यास काही आधार नाही.

दुसरा बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला. आबा बांधावर बसून मुलांना सांगत होते, “बैल होते तवर शेण होतं. आता ट्रॅक्टर घ्या, नांगरट एका दिवसात होती, पण ट्रॅक्टर काही शेण टाकत नाही बाबा.” मुले हसली. मला मात्र जे व्याख्यानात तासभर लागते ते या माणसाने एका वाक्यात संपविले असे वाटले. ज्वारीचा कडबा जनावर खाई आणि शेणातून जमिनीला परत देई. ज्वारी गेली, कापूस आणि सोयाबीन आले. पऱ्हाट्या चुलीत किंवा बांधावर जळतात. जमिनीला देणारा हात आखडला आणि नांगर खोल गेला.

तिसरा बदल म्हणजे प्लॉट. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, त्यावर घर टिकत नाही. म्हणून पायासाठी ती काढतात आणि मुरूम भरतात. ही काढलेली माती ढिगाने पडते, वाऱ्यापावसात उघडी राहते, तिच्यात नवे मूळ जात नाही. जी फरशीखाली झाकली जाते तिचीही जमा बंद होते. खोल खणताना चुनखडीचे खडेही वर येतात. कोरड्या प्रदेशात मातीचे हे दुसरे खाते असते, चुन्यात बांधलेल्या कर्बाचे, आणि खोल थरात ते पहिल्याहून मोठेही असू शकते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की ज्या अंगणात झाड लावून नियमाने पाणी घातले जाते, तेथे कर्ब शेतापेक्षा वाढतोही. शहर म्हणजे सगळे नुकसानच, असे नव्हे. पण बिगरशेती परवानगीच्या कागदावर रस्त्याची रुंदी असते, मोकळ्या जागेचा हिशेब असतो. मातीत काय होते आणि ते कोठे गेले, याचा रकाना माझ्या पाहण्यात नाही.

आणि ही गोष्ट केवळ हवेची नाही. कर्ब गेला की मातीची पाणी मुरवून धरून ठेवण्याची शक्तीही जाते. 2019 च्या उन्हाळ्यात याच मुकुंदवाडीची लहान मुले रेल्वेने शहरात जाऊन पाणी भरून आणीत होती. ती बातमी परदेशांतही वाचली गेली. त्या टंचाईला कारणे अनेक होती, मातीवर तिचा सगळा दोष घालता येणार नाही. परंतु सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावाने पाऊस झेलणारी माती जपून वापरावी, इतके म्हणायला हरकत नसावी.

गेलेला कर्ब परत आणता येतो का? येतो, पण चिकाटी लागते. हैदराबादजवळ पटनचेरू येथे इक्रिसॅट ही संशोधन संस्था आहे. तेथे 1976 पासून आपल्यासारख्याच काळ्या जमिनीच्या दोन तुकड्यांवर एक प्रयोग चालविला गेला. एका तुकड्यात जुनी वहिवाट, म्हणजे पावसाळ्यात जमीन उघडी ठेवून रब्बीचे पीक. दुसऱ्यात रुंद वाफे आणि सऱ्या, पावसाळ्यातच ज्वारीत तुरीचे आंतरपीक, योग्य खत. जवळजवळ पाव शतकाने मोजले तेव्हा सुधारित तुकड्यात, चार फूट खोलीपर्यंत, हेक्टरी सरासरी 335 किलो कर्ब दर वर्षी अधिक साठल्याचे दिसले. धान्याचे उत्पन्नही जुन्या पद्धतीत हेक्टरी एक टनाच्या आसपास, तर नव्या पद्धतीत पाच टनांच्या आसपास. एकरी हिशेब केला तर वर्षाला सुमारे 135 किलो कर्ब झाला. म्हणजे मघाचे ते नऊशे किलो भरून काढावयाला सहा-सात वर्षे, आणि तीही अशा नेटक्या व्यवस्थेत! घालवायला मात्र तेवढी लागत नाहीत.

आबांना मी हे सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, तुमचं पटतं. पण जमिनीला आता भाव आहे, कस कोण इचारतो? पोरं म्हणतात इकून टाका.” त्यांना विकू नका असे सांगण्याचा मला अधिकार नव्हता. मी स्वतः ज्या घरात राहतो, त्याच्याही खाली कोणाचे तरी शेतच आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्या तुकड्याचा सौदा झाला. पोकलेन आले त्या दिवशी आबांनी मला निरोप धाडून बोलावून घेतले. त्यांनी एकच विचारले, “सर, ही माती नेतात ती कुठं टाकतात?” मी गुत्तेदाराला विचारले. तो म्हणाला, जिथे खड्डा असेल तिथे. आबांची लेक करमाडकडे दिली आहे, तिची जमीन हलकी, मुरमाड. तलावातला गाळ हलक्या रानावर पसरतात तशी ही माती का पसरू नये, असे आबांना वाटले. मी म्हटले, फार जाड थर देऊ नका, मुरमाशी मिसळू द्या आणि पहिल्याच पावसावर काही तरी पेरा, उघडी ठेवू नका. बरीच घासाघीस होऊन गुत्तेदार वरच्या फूटभर थराच्या अकरा ट्रॉल्या द्यावयास तयार झाला. डिझेल आबांचे. बांधाची माती मात्र त्यांनी वेगळी भरायला लावली आणि त्या ट्रॉलीवर स्वतः बसून गेले.