पाच पोत्यांची साक्ष

भाचा तावातावानं आला. "मामू, दुकानदार मापात मारतो!" ५० किलोची पाच पोती तोललेली, सरासरी तूट ४०० ग्रॅम, प्रमाण विचलन ४५० ग्रॅम. विचलनाला पाचाच्या वर्गमुळानं भागलं की २०१. तूट त्याच्या जवळपास दुप्पट. पाच टक्के जोखमीला झेड कसोटीची मर्यादा १.६४, म्हणजे दुकानदार दोषी!

पण झेडला सगळ्या पोत्यांचं विचलन आधीच ठाऊक असावं लागतं. इथं ते पाचांवरूनच काढलेलं. मग टी कसोटी हवी, तिची मर्यादा २.१३. तिचा पाया १९०८ साली डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यातल्या गॉसेटनं घातला, 'स्टुडंट' या टोपणनावानं. (तखल्लुस आम्हा शायरांचंच नसतं तर!)

भाचा आणखी पोती तोलायला गेलाय.