गिटारीचा चिमटा आणि गाण्याची पट्टी

आपल्याकडे गाणे सुरू व्हायच्या आधी एक प्रश्न हमखास विचारला जातो : "पट्टी कोणती?" गाणारा म्हणतो, "काळी एक." गाणारी म्हणते, "काळी चार." मग पेटीवाला त्या पट्टीवर बोट ठेवतो, तबलजी हातोडी घेऊन ठोके देऊ लागतो, तंबोऱ्याच्या खुंट्या पिळल्या जातात. खेड्यातल्या भजनात हे चालते आणि शहरातल्या मैफलीतही चालते. पट्टी म्हणजे काय, हे सहसा कोणी समजावून सांगत नाही. ते ऐकून ऐकून कळलेले असते. षड्ज कोठे धरायचा, एवढाच तो प्रश्न.

आज ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे ती मात्र या बैठकीतली नाही. ती गिटारीवरची आहे. अलीकडे तालुक्याच्या गावी, कधी कधी त्याहून लहान गावच्या शाळेतही, एखादा मुलगा किंवा मुलगी गळ्यात गिटार अडकवून स्नेहसंमेलनाला उभी राहते. त्या गिटारीच्या दांडीवर तुम्ही एक चिमटा लावलेला पाहिला असेल. सहाही तारा त्याने एकदम दाबून धरलेल्या असतात. त्याला कॅपो म्हणतात. हा चिमटा नेमके काय करतो, याविषयी वाजवणाऱ्या मुलांच्याच मनात पुष्कळ घोटाळा असतो. तो घोटाळा निस्तरायला आपल्या पेटीइतके चांगले साधन दुसरे नाही.

प्रथम गिटार कशी असते ते पाहू. तिच्या दांडीवर सतारीसारखे धातूचे पडदे असतात. फरक इतकाच की सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारीचे पक्के बसवलेले असतात. एक पडदा पुढे गेले की स्वर अर्ध्या स्वराने चढतो. म्हणजे पेटीवर पांढऱ्या एकवरून शेजारच्या काळ्या एकवर जावे तसा. बारा पडदे ओलांडले की तार सप्तकातला तोच स्वर येतो, आणि तेथे तारेची लांबी बरोबर निम्मी झालेली असते. समजा, मोकळ्या तारेची लांबी ६५ सेंटिमीटर आहे. बाराव्या पडद्यावर ती साडेबत्तीस उरते. तिसऱ्या पडद्यावर साधारण ५४.७ उरते. तार आखूड झाली की स्वर चढणार, हे विहिरीवरच्या दोराला टिचकी मारणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. कॅपो एवढेच करतो. तो सहाही तारा एकाच ठिकाणी आखूड करतो. जणू गिटारीची दांडीच तिथून सुरू होते.

गिटारीवर साथ करायची ती बहुधा कॉर्डने. कॉर्ड म्हणजे तीन किंवा अधिक स्वर एकदम वाजवणे. षड्ज, गंधार आणि पंचम एकत्र वाजवले की एक कॉर्ड झाली. प्रत्येक कॉर्डसाठी डाव्या हाताच्या बोटांची एक ठरावीक ठेवण असते. 'सी'ची ठेवण, 'जी'ची ठेवण, 'डी'ची ठेवण, अशी त्यांची नावे आहेत. पेटीच्या भाषेत सी म्हणजे पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन, जी म्हणजे पांढरी पाच. यांतल्या काही ठेवणी सोप्या, कारण त्यांत काही तारा मोकळ्याच वाजतात. काही फार अवघड. तिथे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात आणि नवशिक्याची बोटे सोलून निघतात. काळी चार, काळी पाच या पट्ट्या गिटारीवर अशाच अवघड. आणि आपल्या बायकामुलींचे गळे नेमके तिथेच खुलतात!

आता खरी गंमत ऐका. महाविद्यालयाच्या तालमींत मी जो प्रसंग पुनःपुन्हा पाहतो, तो असा. मुलगी गाणार आहे. गिटारवाला विद्यार्थी तिसऱ्या पडद्यावर चिमटा लावून बसला आहे. पेटीवर गावातले जुने बुवा आहेत.

"काय रे, पट्टी कुठली?" बुवा विचारतात.

"जी, बुवा. म्हणजे पांढरी पाच."

बुवा पांढऱ्या पाचवर षड्ज धरतात. मुलगी उठवते काळ्या पाचवर, कारण तिच्या कानाशी गिटार वाजते आहे. दोन ओळींत सगळ्यांचे चेहरे वाकडे होतात. बुवा म्हणतात, गिटार बेसूर आहे. मुलगा म्हणतो, पेटी जुनी आहे. आणि मुलीला वाटते, आपलाच सूर गेला.

मुलगा खोटे बोलला का? नाही. त्याची बोटे 'जी'च्याच ठेवणीत होती. त्याच्या वहीतही 'जी'च लिहिले होते. पण चिमटा तिसऱ्या पडद्यावर असल्यामुळे कानावर पडणारा षड्ज तीन पायऱ्या चढला होता. पांढऱ्या पाचनंतर पहिली पायरी काळी चार, दुसरी पांढरी सहा, तिसरी काळी पाच. बोटांची पट्टी एक आणि कानांची पट्टी दुसरी, असा हा प्रकार आहे. पेटीवाल्याला, तबलजीला आणि गाणाऱ्याला बोटांच्या पट्टीशी काही कर्तव्य नाही. त्यांना कानांची पट्टी सांगितली पाहिजे : "काळी पाच."

म्हणून हिशेब असा करावा. ज्या ठेवणीत वाजवता, तिथून पेटीवर पट्ट्या मोजा. काळ्या आणि पांढऱ्या, मधली एकही न वगळता. चिमटा जितक्या पडद्यांवर असेल तितक्या पायऱ्या वर जा. 'सी'ची ठेवण आणि दुसरा पडदा : काळी एक, पांढरी दोन, झाली पांढरी दोन. 'डी'ची ठेवण आणि तिसरा पडदा : काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार. इथे एक खाच आहे. पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, तशीच पांढरी सात आणि वरची पांढरी एक यांच्यामध्येही नाही. घाईत मोजणारा नेमका तिथे चुकतो.

पट्टी बदलली म्हणजे राग बदलला, असे कोणी समजू नये. भूप काळी एकमध्ये गायला तरी भूपच आणि काळी चारमध्ये गायला तरी भूपच. स्वरांमधली अंतरे तीच राहतात, सगळे कुटुंब बिऱ्हाडासकट वरच्या मजल्यावर जाते इतकेच. कॉर्डचेही तसेच. 'जी'च्या ठेवणीत षड्जाची कॉर्ड जी, मध्यमाची सी आणि पंचमाची डी. तिसऱ्या पडद्यावर चिमटा लावला की तिन्ही सारख्याच चढून काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार होतात. त्यांचे आपसांतले नाते जराही बदलत नाही. पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेल्या मुलाला हे समजायला वेळ लागतो, कारण त्याच्या मनात 'सी' हा एका जागी खिळलेला स्वर असतो. आपला 'सा' मात्र पहिल्यापासून फिरता आहे. हा फायदा आपण घेतला पाहिजे.

चिमटा म्हणजे कच्च्या वादकाची कुबडी, असे नाक मुरडून म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. स्पेनच्या दक्षिणेला अंदालुसिया प्रांतात फ्लामेंको नावाचे गाणे आहे. तिथले कसलेले गिटारवादक चिमटा सर्रास वापरतात. त्यांच्या भाषेत त्याला सेहिया म्हणतात. पाको दे लुसिया (१९४७–२०१४) याच्यासारखा जगभर गाजलेला वादकही तो लावी. कारण सरळ आहे. तिथे गाणाऱ्याचा गळा आधी आणि गिटार नंतर. गाणाऱ्याचा आवाज आज जरा बसला असेल तर चिमटा एक पडदा खाली येतो, बोटांची ठेवण तीच राहते. आणि सांगण्याची त्यांची रीत तर आपण उचलावी अशी आहे. ते दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतात : ठेवण कोणती, आणि चिमटा कितव्या पडद्यावर. आपल्या विद्यार्थ्याने बुवांना "'जी'ची ठेवण, चिमटा तिसरा" इतके सांगितले असते, तरी बुवांनी पट्टी मोजून काढली असती.

चिमटा कधी कधी केवळ नादासाठीही लावतात. पंडित रविशंकरांकडे सतार शिकलेला जॉर्ज हॅरिसन, त्याचे १९६९ सालचे 'हिअर कम्स द सन' हे गाणे घ्या. गिटार 'डी'च्या ठेवणीत वाजते, चिमटा सातव्या पडद्यावर आहे आणि कानावर पडते ती पांढरी सहा. आखूड झालेल्या तारांचा तो झळझळीत नाद बिनचिमट्याच्या गिटारीवर तसा निघत नाही.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. चिमटा पट्टी चढवतो, उतरवू शकत नाही. पट्टी उतरवायची तर ठेवण बदलावी लागते. समजा, मास्तरांनी एक गाणे आपल्या गळ्याला मानवेल अशा काळ्या एकमध्ये बसवले : 'सी'ची ठेवण, पहिला पडदा. आता ते मुलींना काळ्या चारमध्ये हवे आहे. 'सी'च्याच ठेवणीने जायचे तर चिमटा आठव्या पडद्यावर न्यावा लागेल. तिथे पडदे इतके जवळ येतात की बोटे मावत नाहीत आणि नादही चिरका होतो. त्याऐवजी 'जी'ची ठेवण घ्यावी आणि चिमटा पहिल्या पडद्यावर लावावा. काळी चारच येते. चिमटा लावताना तो पडद्याच्या अगदी मागे, लगटून लावावा; दोन पडद्यांच्या मध्यावर लावला तर तारा खाली खेचल्या जाऊन स्वर चढतात. आणि लावल्यावर तारा पुन्हा एकदा जुळवून घ्याव्यात. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण ऐन रंगमंचावर ते कोणी करत नाही.

पेटीवाल्यांनी या चिमट्याला हसायचे कारण नाही. 'स्केल चेंजर' म्हणून जी पेटी मिळते, तिच्यात पट्ट्यांचा सगळा फलकच डावीउजवीकडे सरकतो. वाजवणारा आपल्या सवयीच्या पट्ट्यांवर बोटे ठेवतो, निघते मात्र दुसरीच पट्टी. तोच चिमटा, फक्त लाकडाच्या पेटाऱ्यात लपवलेला.

आता शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द. पुरुषाचा सोयीचा षड्ज बहुधा पांढरी एक ते काळी दोन यांच्या आसपास असतो. मुलींचा आणि लहान मुलांचा त्याहून चार-पाच पायऱ्या किंवा अधिकच वर. गुरुजी आपल्या पट्टीत प्रार्थना सांगतात. खालचा षड्ज आला की अर्ध्या वर्गाचा आवाज विहिरीत उतरतो; काही मुले नुसती पुटपुटतात, काही सप्तक उडवून वरून ओरडतात. मग कोणा मुलीला सांगितले जाते, "तुला सूर नाही, तू मागे उभी राहा." ती बिचारी ते जन्मभर खरे मानते. तेराचौदा वर्षांच्या, आवाज फुटू लागलेल्या मुलांचीही तीच गत. सूर त्यांना असतो; पट्टी त्यांची नसते.

यावर उपाय खर्चाचा नाही. गाण्यातली सगळ्यांत खालची ओळ आणि सगळ्यांत वरची ओळ, एवढ्याच दोन मुलांकडून म्हणवून घ्याव्यात. खालची ऐकू येत नसेल तर पट्टी चढवा, वरची किंचाळल्यासारखी येत असेल तर उतरवा. गिटार असेल तर चिमटा सरकवा, पेटी असेल तर षड्ज सरकवा. आणि ज्या शाळेत गिटारही नाही, पेटीही नाही, तिथे गुरुजींनी उद्या सकाळी स्वतः सुरुवात न करता वर्गातल्या एखाद्या मुलीला प्रार्थना उठवायला सांगावी, आणि ती जिथे उठवील तिथेच सगळ्यांनी तिला मिळावे, गुरुजींनीसुद्धा.