मोटारींचा धूर व मज्जासंस्था
(संस्थेच्या वाशीम येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वार्षिक संमेलनात विवाह, शिक्षण आणि निधी या विषयांवर बोलण्याचा आपला परिपाठ आहे. आज आम्ही मोटारींच्या धुराविषयी बोलावयास उभे राहिलो, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु संस्थेच्या नियोजित विद्यार्थी वसतिगृहाची जागा अकोला-नांदेड हमरस्त्यास लागून आहे. आपल्या मुलांची बुद्धी तेथे घडावयाची आहे. तेव्हा हा प्रश्न शिक्षणाचाच होय.

धूर म्हटला की आपणांस खोकला आणि दमा आठवतो. मेंदूशी त्याचा काय संबंध, असे कोणीही विचारील. तो संबंध तीन वाटांनी जडतो. पहिली वाट कार्बन मोनॉक्साइड या वायूची. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूस दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. मग मेंदूस प्राणवायू कमी पडतो, डोके दुखते, भोवळ येते. बंद खोलीत इंजिन चालू ठेवल्यास प्राणही जातो. दुसरी वाट सूक्ष्म कणांची. अडीच मायक्रॉनांहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे हे कण फुफ्फुसांच्या तळाशी जातात. त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तात उतरतात, आणि उत्पन्न होणाऱ्या दाहाची झळ मेंदूपर्यंत पोहोचते. तिसरी वाट नाकाची. गंधाचे मज्जातंतू नाकाच्या छतातून सरळ मेंदूकडे जातात. इंग्लंडातील लँकेस्टर विद्यापीठाच्या बार्बरा माहेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली मृत व्यक्तींच्या मेंदूत चुंबकीय लोहाचे गोल कण दाखवून दिले. असे कण अतिशय उष्णतेत, इंधनाच्या ज्वलनात तयार होतात.

याचा परिणाम काय? कॅनडात २५ प्रौढ स्वयंसेवकांस दोन तास डिझेलचा विरळ धूर आणि दुसऱ्या वेळी गाळलेली हवा देऊन त्यांच्या मेंदूची चित्रे घेण्यात आली. धुरानंतर मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधील परस्परसंपर्क काही काळ मंदावलेला आढळला, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. बार्सिलोना येथील ३९ शाळांतील २,७१५ मुलांची वर्षभर पाहणी झाली. वाहनांचा धूर कमी असलेल्या शाळांत मुलांची कार्यस्मृती ११.५ टक्क्यांनी वाढली; अधिक असलेल्या शाळांत ती ७.४ टक्केच वाढली. कॅनडातीलच ऑन्टॅरिओ प्रांतात २०१७ सालच्या अहवालानुसार हमरस्त्यापासून ५० मीटरांच्या आत राहणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण, ३०० मीटरांपलीकडे राहणाऱ्यांच्या मानाने, सुमारे ७ टक्के अधिक आढळले. कंपवाताच्या बाबतीत मात्र तसा संबंध दिसला नाही. अशा पाहण्यांतून कारण निर्विवाद सिद्ध होते असे नव्हे. पण सुज्ञाने सावध व्हावे इतके त्यांत खचित आहे.

कोणी म्हणेल, हे परदेशचे झाले. वाशीम काही मुंबई नव्हे. खरे आहे. केंद्र सरकारच्या शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत शेजारचे अकोला व अमरावती आहेत, वाशीम नाही. परंतु रस्त्याकाठच्या धुरास गावाचे नाव विचारावे लागत नाही. ट्रक जवळून गेला की त्याचा धूर खिडकीतून आत येतो, मग गाव लहान असो वा मोठे.

आपला नाइलाज आहे, असेही कोणी समजू नये. पेट्रोलात मिसळले जाणारे शिसे मुलांच्या मेंदूस घातक होते. ते १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात बंद झाले. मुंबईत धुराने त्रस्त झालेल्या नागरिकांच्या एका संस्थेने १९९९ साली उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि पुढे तेथील जुन्या टॅक्सी गॅसवर चालू लागल्या. सामान्य माणसांनी एकत्र येऊन मागितले, म्हणून हे घडले.

आता आपल्या घरची गोष्ट. रस्त्याकडील बाजूस दुकाने काढल्यास भाडे येईल आणि त्यावर वसतिगृह चालेल, हे ज्येष्ठांचे म्हणणे व्यवहाराचे आहे. आम्ही त्यास विरोध करीत नाही. आमची विनंती इतकीच, की दुकाने पुढे असोत, पण अभ्यासाच्या व निजावयाच्या खोल्या जागेच्या अगदी मागच्या टोकास बांधाव्यात, त्यांच्या खिडक्या रस्त्याकडे नसाव्यात, आणि मध्ये कडुलिंबाची दाट रांग लावावी. झाडांनी धूर नाहीसा होणार नाही. खरा उपाय अंतराचा आहे, झाडे त्यास साहाय्य करतील. यासाठी चार-दोन दुकाने कमी काढावी लागली तर तो तोटा संस्थेने सोसावा.

आपल्यांतील कित्येक कुटुंबे मोटारधंद्यावर जगतात. त्यांच्यावर आमचा रोख नाही. उलट सर्वांत अधिक धूर चालकाच्या व मेकॅनिकच्याच नाकात जातो. त्यांनी इंजिनाची निगा वेळच्या वेळी राखावी, उभी गाडी बंद ठेवावी आणि शेडची दारे उघडी ठेवून काम करावे.

मंडळी, वसतिगृहासाठी कोणी शेताच्या तुकड्यातून, कोणी पगारातून वर्गणी दिली आहे. मुलांनी शिकून शहाणे व्हावे, हाच त्या पैशाचा हेतू. तो हेतू चार दुकानांच्या भाड्यापायी उणा पडू नये, एवढे बांधकाम समितीने ध्यानी घ्यावे, अशी नम्र प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.