परभाषेच्या घरी

परदेशी विद्यार्जनासाठी गेलेल्या मुलाने तेथील भाषा आत्मसात करावी, ही अपेक्षा वावगी नाही. परंतु त्या देशात वास्तव्य केले म्हणजे भाषा आपोआप येते, ही समजूत मात्र भ्रामक होय. पाण्यात उतरल्यावाचून पोहता येत नाही हे खरे. पण काठ घट्ट धरून बसणाऱ्यास पाण्यात उतरूनही ते कसे यावे?

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी गेल्या वर्षी महाविद्यालयातर्फे एका सत्रापुरती मेक्सिकोस गेली होती. तिकडील एक विद्यार्थी इकडे आणि इकडील एक तिकडे, अशी ती योजना. दीड महिन्याने तिचा मला निरोप आला, "मामा, येथे येऊन माझे इंग्रजीच सुधारले, स्पॅनिश होती तेथेच आहे." चौकशी करता उलगडा झाला. वर्गातील सोबती तिच्याशी इंग्रजीत बोलत, आणि बिऱ्हाडी परतली की आईशी दूरध्वनीवर दोन दोन तास मराठीत गोष्टी चालत. बिचाऱ्या स्पॅनिशने यावे तरी केव्हा?

मी जन्मभर शाळामास्तर. सल्ला देऊन मोकळा झालो की, आईशी बोलणे केवळ रविवारी करावे. त्यावर बहीण म्हणाली, "दादा, तुला लेक नाही, म्हणून हे सुचते. भाषा शिकता शिकता पोर तिकडचीच व्हायची!" पुढे पंधरा दिवस ती माझ्या घरी फिरकली नाही.

तिचा राग शमल्यावर मी तिला डॉ. पांडुरंग खानखोजे यांची कथा सांगितली. वर्ध्यास जन्मलेला हा क्रांतिकारक विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी गेला, अमेरिकेत शेतकी शिकला आणि १९२४ साली मेक्सिकोत पोचला. तेथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते अध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि गोरगरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतकी शाळा काढल्या. आता विचार करा, मेक्सिकोतील शेतकऱ्याच्या पोरास इंग्रजी कोठून येणार? बियाणे, माती, खत, पाऊस हे सारे त्याच्याच बोलीत सांगावयास हवे. ज्याच्याशी आपले काम आहे त्याला आपली दुसरी भाषा येत नाही, याहून मोठा भाषागुरू नाही! दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी मोडणाऱ्या पुरुषाच्या रूपात खानखोजे यांस चितारले आहे. परका मनुष्य त्या लोकांना किती आपला वाटला, याची ती साक्षच. आणि तरीही स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले, आपल्या नागपुरात राहिले, आणि १९६७ साली येथेच त्यांनी देह ठेवला.

दुसरी सूचना मी भाचीस केली ती अशी की, स्पॅनिशकडे इंग्रजीच्या दारातून जाऊ नये. मराठीच्या दारातून जावे. 'मला आंबा आवडतो' या वाक्यात आंबा कर्ता आहे. आंबे अनेक झाले की 'आवडतात' म्हणावे लागते. स्पॅनिशमध्येही हुबेहूब तसेच: 'मे गुस्ता एल मांगो', आणि अनेकवचनी 'मे गुस्तान लोस मांगोस'. इंग्रजीत विचार करणारा येथे अडखळतो. मराठी मनुष्यास ती वाट पायाखालची आहे. 'येतो' म्हटले की 'मी' म्हणण्याची गरज आपणांस नसते, तशी त्यांसही नसते. त, द यांचे दंत्य उच्चार आपल्या जिभेवर आधीच आहेत. पगार आणि पाव हे आपले शब्द पोर्तुगीजांकडून आले. त्यांची भावंडे स्पॅनिशमध्ये भेटतात.

मात्र सर्वच वाट सरळ नाही. आपल्या एका 'आहे'साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदे, 'सेर' आणि 'एस्तार'. भाचीने घरमालकिणीस सांगितले, "सोय आबुर्रिदा." तिच्या मनात होते, मला कंटाळा आला आहे, प्रत्यक्षात ती म्हणाली, मी कंटाळवाणी आहे! बाई पोट धरून हसल्या, "छे ग, तू मुळीच तशी नाहीस," म्हणाल्या, आणि 'सोय'च्या जागी 'एस्तोय' म्हणावयास शिकविले. ती चूक पुन्हा झाली नाही. म्हणून तिसरी सूचना: चूक होऊ द्यावी, समोरच्याने सुधारली की आभार मानावे, आणि रात्री ते वाक्य वहीत उतरवावे. त्या दिवसापासून ती संध्याकाळी त्या बाईंच्या स्वयंपाकघरात मक्याच्या पोळ्या थापू लागली. बाईंना इंग्रजीचा गंध नव्हता. दोन महिन्यांत ती बाजारात घासाघीस करू लागली.

एका रविवारी आईशी बोलताना तिला 'तवा' हा शब्द आठवेना. तोंडी आला तो 'कोमाल'. बहीण घाबरली आणि तडक माझ्याकडे आली. मी म्हटले, "अग, तवा हरवला नाही; घरात दुसरा आला, इतकेच."

मुलगी परतली त्या दिवशी बहिणीने मला जेवावयास बोलाविले. भाचीने भाकरी थापली, पहिली आईच्या ताटात वाढली आणि तिचे मेक्सिकोतील नाव सांगितले. बहिणीने ते दोनदा घोकले. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "दादा, रविवार पुरत होता हो, पण बाकीचे सहा दिवस फार मोठे होते."

श्रोतेहो, परभाषा शिकणाऱ्याच्या श्रमांचे कौतुक आपण करतोच. त्या सहा दिवसांचेही थोडे स्मरण असावे.