कळतं, पण घाम फुटत नाही



'त्याने गरम पावाला मोजे लावले.' हे वाक्य ऐकताना 'मोजे'पाशी क्षणभर ठेच लागली ना? कॅलिफोर्नियात मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी अशी वाक्यं लोकांना वाचायला दिली आणि डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपल्या. विसंगत शब्द आला की साधारण 400 मिलिसेकंदांच्या सुमारास एक ठरावीक लहर उमटते, हे त्यांनी 1980 साली दाखवलं. मेंदू अर्थ लावताना अडखळल्याची ती खूण.

पुढे सिॲटलमध्ये फ्रेंच शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांच्या मेंदूतली हीच लहर तपासली गेली. त्यांना दाखवलेले काही शब्द खरे फ्रेंच होते, काही नुसते फ्रेंचसारखे दिसणारे, बनावट. कोणते खरे, असं विचारलं तर उत्तरं छापा-काटा केल्यासारखी यायची. सरासरी 14 तासांची शिकवणी, आणखी काय होणार! पण लहरी वेगळंच सांगत होत्या. खऱ्या आणि बनावट शब्दांना मेंदू निरनिराळा प्रतिसाद देत होता. 2004 साली हे प्रसिद्ध झालं. 'माझ्या डोक्यात काही शिरत नाही' म्हणणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. शिरलेलं असतं, फक्त त्यांना त्याचा पत्ता नसतो.

कष्ट मात्र चुकत नाहीत. डोक्याला ताण पडला की डोळ्यातली बाहुली रुंदावते. परकी भाषा ऐकणाऱ्याची बाहुली, शब्द तितकेच कळत असले तरी, ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्यापेक्षा जास्त रुंदावते. दिवसभर परक्या भाषेत वावरलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन गप्प का बसतो, हे मला यावरून थोडं उमगतं.

आता त्वचेकडे येऊ. मला स्वतःला सगळ्यात गंमत इथे वाटते. कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये, मोठेपणी इंग्रजी शिकलेल्या तुर्की भाषकांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावले. भावना चाळवली की बोटांना सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहते. हा घाम ठरवून आणता येत नाही की थोपवता येत नाही. मग त्यांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले, दाखवले: साधे, गोड, भीतिदायक, चारचौघांत उच्चारू नयेत असे, आणि लहानपणी आईवडील ओरडताना वापरतात तसे. 'लाज नाही वाटत?' या जातीचे. अर्थ त्यांना दोन्ही भाषांत कळत होता. पण तो ओरडा तुर्कीत ऐकला की बोटं घामेजायची. इंग्रजीत फारसं काही व्हायचं नाही. हा अभ्यास 2003 सालचा.

कारण उघड आहे. ती वाक्यं तुर्कीत शिकताना समोर वटारलेले डोळे होते, कदाचित उगारलेला हातही. इंग्रजीत शिकताना समोर पुस्तक होतं. म्हणून मोठेपणी शिकलेल्या भाषेत शिवी देणं सोपं जातं आणि खाल्लेली शिवीही फारशी लागत नाही. दुसरी भाषाही अगदी लहानपणापासून कानावर असली, तर हा फरक बराच मावळतो.

याच अलिप्तपणाचा परिणाम निर्णयांवरही दिसतो. शिकागोच्या बोआझ कायसार यांनी 2012 साली दाखवलं की परक्या भाषेत विचार करताना माणसं तोट्याला कमी बिचकतात. मात्र स्वीडिश लोकांना नॉर्वेजियन भाषेत प्रश्न घातले, तेव्हा हा थंडपणा दिसला नाही. त्या भाषा अगदी शेजारच्या, शिकवणीशिवायही बऱ्याच कळणाऱ्या. तेव्हा हिंदी सिनेमे बघत वाढलेल्या मराठी माणसाने, हिंदीत शिवी खाल्ली तर आपली बोटं कोरडी राहतील, अशी खात्री बाळगू नये.