विचारले कोणाला?

(मांद्रे येथे विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलीने मला विचारले, "सर, गोव्याला न विचारता गोवा महाराष्ट्रात घालता आला असता का?" मी म्हणालो, "कायद्याने आला असता." वर्ग एकदम गप्प झाला. तुम्हालाही हे उत्तर खटकले असेल.

अमेरिकेची घटना १७८७ साली लिहिली गेली. एका राज्यातून दुसरे राज्य काढायचे किंवा दोन राज्ये जोडायची, तर त्या त्या राज्याच्या विधिमंडळाची आणि तिथल्या संसदेची, दोघांचीही संमती हवी, असे तिचे चौथे कलम सांगते. १८२० साली मेन हे राज्य मॅसॅच्युसेट्सपासून वेगळे झाले, ते मॅसॅच्युसेट्सने मान्यता दिल्यावरच. तिथे मूळची राज्ये आधी होती, संघराज्य त्यांनी मागाहून उभारले. स्वतंत्र चुली असलेल्या भावांनी अटी घालून एकत्र यावे, तसा तो प्रकार.

आपली घडण निराळी. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद राज्याची सीमा, नाव, फार काय त्याचे अस्तित्वही बदलू शकते. विधेयक मांडण्यापूर्वी राष्ट्रपतींनी ते त्या राज्याच्या विधानसभेकडे मतासाठी पाठवायचे, एवढेच बंधन. ते मत मानलेच पाहिजे असे नाही. २०१४ साली आंध्रच्या विधानसभेने नकार दिला, तरी तेलंगण झालेच. केंद्रशासित प्रदेशाला तर एवढाही मान नाही. ही विचारपूस फक्त राज्यांची, असे १९६६ च्या अठराव्या घटनादुरुस्तीने स्पष्टच करून टाकले. म्हणजे विलीनीकरणाचे विधेयक आले असते, तर मुंबईच्या विधानसभेचे मत मागावे लागले असते, पणजीच्या नव्हे!

तरीही आपल्याला विचारले गेले. कसे, ते पाहा.

डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विलीनीकरण हा पक्षाचा उघड कार्यक्रम होता. आम्हांला मते मिळाली म्हणजे कौल मिळाला, असे पक्षाचे म्हणणे. युनायटेड गोअन्सचे म्हणणे असे की आमदार निवडताना माणूस दहा गोष्टी पाहतो. हा प्रश्न वेगळा विचारा. आज मला हे दुसरे म्हणणे बरोबर वाटते. इथे बसलेल्या काही वडीलधाऱ्यांना ते रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

संसदेने १९६६ साली जनमत कौलाचा खास कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि डिसेंबरात राष्ट्रपती राजवट आली. या राजीनाम्याविषयी आपण फार कमी बोलतो. स्वतःच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रश्न मतपेटीत जात असताना खुर्चीवरून उठणे सोपे नसते.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. आपल्या पेडण्याने फुलाला भरभरून मते दिली. पण गोव्यात दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांनी फूल हरले. त्याची हळहळ आमच्या घरी मी लहानपणापासून ऐकत आलो.

पुढचे अधिक विचार करण्यासारखे आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी भाऊसाहेबांच्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. विलीनीकरण नको, पण मुख्यमंत्री भाऊसाहेबच हवेत! प्रश्न दोन होते, लोकांनी उत्तरेही दोन दिली.

परीक्षक म्हणून एक तक्रार मात्र नोंदवतो. त्या प्रश्नपत्रिकेत पर्याय दोनच होते. स्वतंत्र घटक राज्य हा तिसरा पर्याय नव्हताच. शेवटी ३० मे १९८७ रोजी गोवा झाला, तो नेमका न विचारलेला तिसरा. त्या वेळी जनमत कौल घेतला नाही. संसदेने घटनादुरुस्ती आणि कायदा केला.

हे सगळे सांगून झाल्यावर त्या मुलीने पुन्हा हात वर केला. "मग सर, पुढच्या वेळी लोकांना विचारतील, हे घटनेत कुठे लिहिले आहे?"

मी म्हटले, "लिहिलेले नाही." तिने ते वहीत उतरवून घेतले.