पन्नास दिवसांचे यंत्र

मांडवीच्या बाजूला आमचा आंब्याचा रस डबाबंद करण्याचा लहान कारखाना आहे. रत्नागिरीत याला नुसते 'कॅनिंग' म्हणतात. दर पावसाळ्यात यंत्रे धुऊन-पुसून झाली की घरात वाद ठरलेला: जुने दुरुस्त करायचे की नवे आणायचे? विक्रेता म्हणतो, जुन्यात पैसे घालू नका. फिटर म्हणतो, अजून दहा वर्षे चालेल. दोघेही आपापल्या पोटाचे बोलतात. हिशेब आपल्यालाच मांडावा लागतो.

त्यात किमतीच्याही आधी लिहायचा आकडा म्हणजे यंत्र वर्षाला किती तास चालते. आमचा हंगाम एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात, फार तर पन्नास दिवस. रोज दहा तास धरले तर ५०० तास. आता पाच अश्वशक्तीची, दोनदा वाइंडिंग केलेली मोटार घ्या. तिची कार्यक्षमता ८० टक्के आणि नव्या मोटारीची ८८ टक्के समजू. पूर्ण भारावर ताशी साधारण ०.४२ युनिट वाचते, म्हणजे हंगामात २१० युनिट. दहा रुपये दराने झाले २,१०० रुपये. नवी मोटार २० हजारांची असेल, तर पैसे फिटायला नऊ-दहा वर्षे. हीच मोटार बर्फाच्या कारखान्यात वर्षाला ६,००० तास चालली, तर वाचतात २५ हजार रुपये, आणि किंमत वर्षाच्या आत वसूल होते. मोटार तीच, उत्तर उलटे! म्हणून शेजाऱ्याने नवे घेतले, एवढ्यावर आपण घेऊ नये.

आमच्या धंद्यात खरा पैसा विजेत नाही, सालीत आणि बाठ्यात आहे. पल्परची चाळण झिजली, ब्रश बोथट झाले की रस सालीबरोबर बाहेर जातो. हंगामात १०० टन आंबा घेतला आणि त्यातला एक टक्का गर असा वाया गेला, तर एक टन रस गेला. किलोला १०० रुपये धरले तरी लाखाचे नुकसान. पण त्यासाठी अख्खा पल्पर बदलायची घाई नको. आधी चाळण आणि ब्रश बदलावेत, आणि आधीचा व नंतरचा चोथा वजन करून पाहावा. पुष्कळदा काम तेवढ्यात भागते.

डबे सील करणाऱ्या यंत्राला मात्र हा न्याय लावू नये. ते मे महिन्यात दुपारी बंद पडले, तर काढलेला रस दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. शिवण सैल बसली तर डबे आज चांगले दिसतात आणि महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या फडताळात फुगतात. इथे दुरुस्तीच्या बिलात एका बुडालेल्या दिवसाचा आंबा आणि मजुरी मिळवूनच तुलना करावी. म्हणूनच आम्ही सीलिंगचे यंत्र आधी बदलले, वयाने मोठा पल्पर ठेवला.

श्रोतेहो, आणखी दोन गोष्टी. वडिलांनी यंत्र कितीला घेतले होते, हा आकडा वहीत राहू द्यावा. निर्णयाला उपयोगी पडते ती आज मोडीत किंवा सेकंडहँड मिळणारी किंमत. दुसरे अनुदानाचे. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदान ठेवले होते. आकडा मोहात पाडतो, पण उरलेले ६५ टक्के आपलेच असतात, आणि त्यात बँकेचे कर्जही आले. हप्ते बारा महिने, कमाई पन्नास दिवस!

शिवाय आपल्याकडे खारा वारा आहे. बंद यंत्रसुद्धा दहा महिने गंजत असते. नवे घेताना फक्त रसाला लागणारा भाग स्टेनलेस आहे की सांगाडाही, हे विचारावे. साध्या लोखंडाच्या सांगाड्याचे कोटेशन स्वस्त दिसते, पण त्यात दर वर्षीचा रंग आणि वेल्डिंग मिळवून मगच दोन कोटेशने शेजारी ठेवावीत.